मल्टीमीडिया हक्क: सही करण्याआधी मेण कुठं लावायचं ते ठरवा

महाराष्ट्रातून उज्जैनला येणारी बहुतेक मंडळी महाकालाचं दर्शन झालं की भैरवगढला जातात ती काळभैरवासाठी. देवाला दाखवला जाणारा मद्याचा नैवेद्य बघतात, महादजी शिंद्यांनी इथं पगडी वाहिल्याची आख्यायिका ऐकतात, वेळ असला तर क्षिप्रेकाठी सिद्धवटावर जाऊन येतात आणि परततात. त्याच वस्तीत घराघरांत कापड छापलं जातं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. भैरवगढचं बाटिक ते हेच. सुती कापडावर वितळलेलं मेण कुंचल्यानं किंवा ठशानं लावायचं, कापड थंड रंगात बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा मेण, पुन्हा रंग, आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण उतरवायचं. मेणाला बारीक तडे जातात, त्यांतून रंग आत शिरतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. दोन कापडांवरच्या त्या रेषा कधीच सारख्या नसतात.

अशाच एका कारखान्यात बसलो असताना तिथल्या वयस्कर कारागिरांनी, ज्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते, दोन पानांचा एक इंग्रजी करार माझ्यापुढं ठेवला. "भाईसाहब, इसमें लिखा क्या है?" एका कंपनीची माणसं त्यांच्या कामाचा व्हिडिओ काढायला येणार होती. रक्कम ठरली होती, तारीख ठरली होती, फक्त सही राहिली होती. मी वाचत गेलो आणि चौथ्या कलमाशी थांबलो. त्याचा मराठीत अर्थ असा होता: कारागीर आपल्या सर्व कलाकृती, नक्षी, छायाचित्रं, आवाज, नाव व प्रतिमा यांचे सर्व मल्टीमीडिया हक्क, आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढं निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांसाठी, संपूर्ण जगाकरता, कायमचे कंपनीला देत आहे.

चाचांच्या समजुतीप्रमाणे ते दहा मिनिटांच्या व्हिडिओला परवानगी देत होते. कागदाप्रमाणे मात्र ते पन्नास वर्षांचं काम देऊन टाकत होते.

हा लेख त्या चौथ्या कलमाबद्दल आहे. कारागीर, लेखक, चित्रकार, गायक, कीर्तनकार, छायाचित्रकार, कुणालाही आज जो करार पुढ्यात येतो त्यात हे कलम कुठं ना कुठं असतंच. 2028 साली उज्जैनला सिंहस्थ आहे. तोवर या वस्तीत कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची रीघ लागेल आणि प्रत्येकाच्या पिशवीत असा एक कागद असेल.

तर 'मल्टीमीडिया हक्क' म्हणजे नेमकं काय? आधी हे सांगतो की भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात या शब्दाची व्याख्या नाही. कायदा साहित्यकृती, नाट्यकृती, संगीतकृती, कलाकृती, चित्रपट, ध्वनिमुद्रण अशा जातींत बोलतो आणि प्रत्येक जातीच्या मालकाला काय काय करता येतं ते कलम 14 मध्ये मोजून सांगतो: प्रती काढणं, संगणकात साठवणं, लोकांपर्यंत पोचवणं, भाषांतर, रूपांतर, चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण करणं. मल्टीमीडिया हा शब्द व्यापारातून आला. 1990 च्या दशकात सीडी-रॉमचा प्रसार झाला, एकाच तबकडीवर मजकूर, आवाज, चित्र आणि हलती दृश्यं एकत्र मावू लागली, तेव्हा प्रकाशकांनी करारात हा नवा शब्द घातला. तबकड्या गेल्या, शब्द राहिला. आता त्यात अ‍ॅप येतं, बोलकं ई-पुस्तक येतं, खेळ येतात, समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती येतात. कायद्यानं अर्थ बांधून दिलेला नसल्यामुळं करारात जो लिहिला असेल तोच त्याचा अर्थ. आणि काहीच लिहिलेलं नसेल तर ज्याचा वकील मोठा त्याचा अर्थ चालण्याची भीती.

मराठी माणसाला हे समजायला 'गीतरामायण' हे सर्वांत सोपं उदाहरण आहे. 1955 साली रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून ते प्रसारित होऊ लागलं, एकूण 56 गीतं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, गाणारे आवाज अनेक. आता मोजा. शब्द ही एक साहित्यकृती. चाल ही वेगळी संगीतकृती. गायन हा त्या-त्या गायकाचा सादरीकरणाचा हक्क. ध्वनिमुद्रण ही चौथी गोष्ट. त्याचं पुस्तक छापणं, तबकडी काढणं, रंगमंचावर कार्यक्रम करणं, दुसऱ्या भाषेत नेणं, चित्रं घालून मुलांसाठी अ‍ॅप करणं, यांतलं प्रत्येक काम वेगळ्या परवानगीचं. मुदतीसुद्धा वेगळ्या. शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. माडगूळकर 1977 च्या डिसेंबरात गेले, म्हणजे शब्दांचा हक्क 2037 अखेर संपेल. फडके 2002 साली गेले, तेव्हा चालींचा हक्क 2062 अखेरपर्यंत. ऐकणाऱ्याला जे एक गाणं वाटतं ते कायद्याच्या नजरेत हक्कांची अख्खी मोळी आहे. 'सर्व मल्टीमीडिया हक्क' हे तीन शब्द ती मोळी न सोडता तशीच उचलून नेतात.

म्हणून करार वाचताना पहिलं काम मोळी सोडण्याचं. लेखकाच्या बाबतीत निदान चार काड्या वेगळ्या करायच्या. छापील पुस्तक जसंच्या तसं पडद्यावर वाचायला देणं, म्हणजे ई-बुक, हा एक हक्क. ते कुणी वाचून दाखवणं, म्हणजे ऑडिओबुक, हा दुसरा. त्या मजकुराला आवाज, चित्रं, हालचाल, वाचकाला बोट लावून पुढं जाण्याची सोय असं सगळं जोडून नवी वस्तू घडवणं, हा खरा मल्टीमीडिया हक्क, तिसरा. आणि नाटक, चित्रपट, वेबमालिका हा चौथा. पहिल्या दोनांत मजकूर तसाच राहतो. तिसऱ्यात तो कापला जातो, पुन्हा रचला जातो. चौथ्यात त्याचं दुसरंच काही होतं. 2017 साली स्टोरीटेल भारतात आलं आणि मराठी पुस्तकं कानांनी ऐकण्याची सवय लागली, तोवर मराठी करारांत ऑडिओचा स्वतंत्र उल्लेख क्वचितच असे. सैल शब्दांचे कितीतरी जुने करार त्या वेळी कपाटांतून बाहेर आले आणि लेखकाचा की प्रकाशकाचा, असा प्रश्न दोघांनाही पडला.

अमेरिकेत हे प्रश्न लवकर कोर्टात गेले. मुक्त लेखकांनी वर्तमानपत्रांना दिलेले लेख मालकांनी परस्पर संगणकीय संग्रहांत आणि सीडी-रॉमवर घातले. जोनाथन टासिनी आणि इतर लेखक 'न्यूयॉर्क टाइम्स'विरुद्ध लढले आणि 2001 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं लेखकांच्या बाजूनं निकाल दिला: छापायला दिलं म्हणजे संग्रहात घालायला दिलं असं होत नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायालयानं रँडम हाउस विरुद्ध रोझेटा बुक्स या दाव्यात असं मत दिलं की 'पुस्तकरूपात छापणं, प्रकाशित करणं, विकणं' या जुन्या शब्दांत ई-बुक बसत नाही. दोन्हीकडं मुद्दा एकच होता, कागदावर कोणते शब्द आहेत.

आपल्या कायद्यात लेखकाच्या बाजूनं याहून भक्कम आधार आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. गीतकार-संगीतकारांनी अनेक वर्षं लढल्यावर 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यात कलम 18 ला एक अट जोडली गेली. जे माध्यम किंवा वापराचा जो प्रकार करार करताना अस्तित्वातच नव्हता किंवा व्यापारी वापरात नव्हता, त्यासाठीचं हस्तांतर लागू होत नाही, करारात त्याचा स्पष्ट नावानिशी उल्लेख असल्याशिवाय. म्हणजे चाचांच्या करारातलं 'पुढं निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांसाठी' हे वाक्य भारदस्त दिसलं तरी त्याचा पाया कच्चा आहे. नाव न घेता भविष्य विकत घेता येत नाही. तरीही ते वाक्य करारात राहू देऊ नका. उद्या भांडायची वेळ आली तर कोर्टाची पायरी तुम्हालाच चढावी लागेल, आणि ती पायरी भैरवगढहून लांब असते. 2012 च्या आधीच्या करारांनाही ही अट आपोआप लागू होते असं धरून बसू नका. तिथं जुन्या शब्दांचाच कीस काढावा लागतो.

याहून उपयोगी कलम 19. हे मी लेखकांना तोंडपाठ करायला सांगतो. हस्तांतर लेखी असलं पाहिजे आणि देणाऱ्याची त्यावर सही असली पाहिजे. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला किती, हे त्यात आलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्यानं वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळं म्हटलं नसल्यास तो हक्क परत येतो. कलम 30अ नुसार हीच व्यवस्था परवान्यालाही लागू आहे. यातून एक गमतीदार वाटणारी पण खरी गोष्ट निघते: 'कायमचे' आणि 'संपूर्ण जगाकरता' हे शब्द करारातून नुसते खोडले आणि त्यांच्या जागी काहीही लिहिलं नाही, तरी कायदा स्वतःहून तुमच्या बाजूला येऊन बसतो. समोरचा माणूस नवं वाक्य घालायला तयार नसेल तेव्हा जुनं खोडायला लावा.

वर 'हस्तांतर' आणि 'परवाना' हे दोन शब्द आले. त्यांत घर विकणं आणि घर भाड्यानं देणं एवढा फरक आहे. चाचांच्या करारात 'देत आहे' होतं. हस्तांतर झाल्यावर तीच नक्षी दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात किंवा चित्रफितीत दाखवायची तर स्वतः चाचांनाच परवानगी मागावी लागली असती. माझं आग्रहाचं सांगणं असं की मल्टीमीडियाच्या बाबतीत हस्तांतर करूच नये, परवाना द्यावा, आणि तोही अनन्य नसलेला, म्हणजे दुसऱ्यालाही देण्याची मोकळीक राखून. अनन्य परवाना मागत असतील तर मुदत कमी आणि पैसे जास्त.

आता कारागिरांच्या बाबतीतली ती गोष्ट, जी लेखकांच्या करारांत येत नाही आणि म्हणून वकीलही पुष्कळदा विसरतात. लेखकाच्या पानाचा फोटो काढला तर तो पानाचा फोटो असतो. पण बाटिकच्या कापडाचा चांगल्या कॅमेऱ्यानं समोरून, सपाट प्रकाशात काढलेला फोटो ही छपाईची तयार फाइल असते. ती फाइल दुसऱ्या शहरातल्या डिजिटल छपाई यंत्रात घातली की पॉलिएस्टरवर तीच नक्षी निघते, मेणाच्या तड्यांसकट. चाचांच्या गल्लीत ज्या ओढणीला दोन दिवस लागतात ती तिथं काही मिनिटांत तयार. व्हिडिओ कुणी बघितला तर चाचांचं काहीच जात नाही. जायचं ते त्या सपाट फोटोतून. म्हणून करारात शब्द हवेत: छायाचित्रं व चित्रीकरण फक्त दाखवण्यासाठी, नक्षीची कोणत्याही वस्तूवर पुनर्निर्मिती करण्याचा हक्क दिलेला नाही. शक्य असेल तर पूर्ण कापडाचा सपाट फोटो काढूच देऊ नये. कापड खांद्यावर, दोरीवर, घडी घातलेलं असं दाखवावं.

हे एवढ्या आग्रहानं सांगण्याचं कारण कायद्यात आहे. कलम 15 म्हणतं की जी नक्षी डिझाइन कायद्याखाली नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, तिच्यावरचा कॉपीराइट त्या नक्षीच्या वस्तू औद्योगिक प्रक्रियेनं पन्नासपेक्षा जास्त वेळा काढल्या की संपतो. मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर या दाव्यात 2009 साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं सोफ्याच्या कापडावरच्या नक्ष्यांना हेच लागू केलं. हातानं छापलं म्हणजे औद्योगिक नाही, असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नये, कारण 2000 च्या डिझाइन कायद्यातल्या व्याख्येत हाताचं कामही येतं. तेव्हा स्वतःची अगदी नवी, कुठंही न दाखवलेली नक्षी असेल तर ती बाजारात किंवा इंटरनेटवर जाण्याआधी डिझाइन म्हणून नोंदवावी. दहा वर्षं संरक्षण मिळतं, पुढं आणखी पाच वाढवता येतात. एकदा का ती नक्षी व्हिडिओत झळकली की 'नवी' राहत नाही आणि नोंदणीची वाट बंद होते. चित्रीकरणाच्या दिवशी भिंतीवर काय टांगायचं, यावर आदल्या रात्री विचार करणं म्हणूनच गरजेचं.

दुसरा सापळा हमीचा. करारात खाली कुठंतरी असतं की कलाकृती पूर्णपणे माझी स्वतःची आहे, तिच्यावर इतर कुणाचाही हक्क नाही, आणि कुणी दावा केला तर नुकसान मी भरून देईन. भैरवगढच्या पुष्कळ वेलबुट्ट्या आजोबा-पणजोबांच्या ठशांतून आलेल्या आहेत. शेजारच्या घरातही तोच ठसा आहे. ती परंपरा साऱ्या वस्तीची आहे. अशा नक्षीबद्दल एका माणसानं 'माझीच' अशी हमी देणं हे खोटं तर आहेच, शिवाय धोक्याचंही. नुकसानभरपाईचं वाक्य काढून टाकायला लावा, किंवा असं लिहा: नमूद नक्षी पारंपरिक आहे आणि कारागीर फक्त आपल्या कारागिरीची व या कापडाच्या नगाची हमी देतो.

आणि नाव. उज्जैनच्या बाटिकला 2023 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. चाचांच्या करारात 'नाव' हेही देऊन टाकलं होतं. त्यांचं स्वतःचं नाव छापण्याची परवानगी ते देऊ शकतात. पण भौगोलिक मानांकनाचं नाव देण्याचा अधिकार त्यांना नाही, कुणालाच नाही. 1999 च्या जीआय कायद्याचं कलम 24 स्पष्ट म्हणतं की अशा मानांकनावरचा हक्क विकता, भाड्यानं देता, गहाण टाकता येत नाही. तो उत्पादकांचा सामाईक आहे आणि वापरायचा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. हे पैठणी, सावंतवाडीची लाकडी खेळणी, सगळ्यांनाच लागू आहे. महाराष्ट्रातल्या कारागिरांनी आपापल्या करारात हा शब्द शोधावा.

आवाज आणि हालचाल यांचं काय? उज्जैन हे माच या माळवी लोकनाट्याचं गाव. माचचे गायक, आपल्याकडचे शाहीर, गोंधळी, कीर्तनकार यांना कॉपीराइट कायद्यानं 'सादरकर्ता' म्हणून स्वतंत्र हक्क दिलेला आहे. कलम 2 मधल्या यादीत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत, आणि शेवटी 'सादरीकरण करणारी इतर कोणीही व्यक्ती'. हा हक्क सादरीकरणापासून 50 वर्षं टिकतो. एकदा लेखी संमती देऊन तुमचं सादरीकरण चित्रपटात घातलं की त्या चित्रपटापुरता निर्मात्याला आडकाठी करता येत नाही, करारात वेगळं ठरलं नसेल तर. पण व्यापारी वापर झाला तर स्वामित्वधनाचा तुमचा हक्क उरतो. गीतकार आणि संगीतकारांनी तर हेही लक्षात ठेवावं की चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या स्वामित्वधनाचा समान वाटा त्यांना सोडूनच देता येत नाही. सोडतो असं लिहून दिलं तरी ते चालत नाही. मेण लावणाऱ्या कारागिराचे हात 'सादरीकरण' ठरतात का, यावर वाद घालता येईल. वाद घालत बसण्यापेक्षा करारातच लिहून घ्यावं की हात, चेहरा, आवाज फक्त या चित्रफितीत वापरले जातील, जाहिरातीत नाही.

इथं माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण हा धडा मी पुस्तकातून शिकलेलो नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशकाला मी मुलांसाठीची एक छोटी गोष्ट दिली. करार दीड पानाचा होता. त्यात 'पुस्तक व तत्संबंधी मल्टीमीडिया हक्क' असे शब्द होते. मला वाटलं, पुस्तकाच्या जाहिरातीची चित्रफीत वगैरे असेल. पुढं एकदा माझी भाची फोनवर गोष्ट ऐकत बसली होती. हलणारी चित्रं, पार्श्वसंगीत, मधेच बोट लावलं की पक्षी उडायचा. ऐकता ऐकता मला वाक्यं ओळखीची वाटली. ती माझीच होती, शेवट मात्र बदललेला. आजी मरत नव्हती, गावाला जाऊन परत येत होती. नाव कुठंही नव्हतं. पैशाचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही, पण त्या परत आलेल्या आजीनं मला जास्त त्रास दिला.

तेव्हा मला कलम 57 माहीत नव्हतं. हक्क विकले तरी कृतीवर आपलं नाव असावं आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड होऊ नये, हा लेखकाचा विशेष हक्क उरतोच. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरच्या चित्रपटावरून झालेल्या दाव्यात 1986 साली दिल्ली उच्च न्यायालयानं हे ठासून सांगितलं. पण प्रत्येकाला कोर्टात जाणं जमत नाही. म्हणून करारातच दोन ओळी घालाव्या: प्रत्येक रूपात श्रेयनाम दिसेल, आणि मूळ आशयात बदल करण्याआधी लेखी संमती घेतली जाईल.

अलीकडं या कलमात आणखी एक शब्द शिरतो आहे. 'यंत्रशिक्षण', 'डेटा', 'कृत्रिम बुद्धिमत्ता' यांपैकी काहीही दिसलं तर थांबा. चित्रफीत दाखवणं आणि हजारो नक्ष्या संगणकाला शिकवून त्याच्याकडून तशाच नव्या काढून घेणं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. द्यायचं असेल तर वेगळ्या कागदावर, वेगळ्या किमतीला. द्यायचं नसेल तर 'यात समाविष्ट नाही' असं स्पष्ट लिहा.

भैरवगढच्या कामात एक गोष्ट मला कराराच्या कामासारखीच वाटते. रंग लावण्याच्या आधी मेण लावतात. म्हणजे काय रंगवायचं याच्या आधी काय राखायचं ते ठरतं. करारात आपण उलट करतो. समोरच्याला काय हवं ते आधी वाचतो आणि उरलेलं आपलं समजतो. चाचांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना कलम 19 पेक्षा ते लवकर कळलं. मग आम्ही दोघांनी मिळून चौथं कलम नव्यानं लिहिलं. तुमच्या कामी येईल म्हणून मराठीत देतो:

"कारागीर कंपनीला पुढील मर्यादित व अनन्य नसलेला परवाना देत आहे: परिशिष्टात छायाचित्रांसह नमूद केलेल्या पाच नगांचे व ते तयार करण्याच्या कृतीचे चित्रीकरण करून दहा मिनिटांपर्यंतची एक चित्रफीत तयार करणे आणि ती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर व समाजमाध्यमांवरील स्वतःच्या पानांवर दाखवणे. मुदत ____ वर्षे. चित्रफितीत कारागिराचे नाव व भैरवगढ, उज्जैन असा उल्लेख राहील. नक्षीची कोणत्याही वस्तूवर पुनर्निर्मिती, जाहिरातीतील वापर, तिसऱ्या व्यक्तीला हक्क देणे व संगणकीय प्रशिक्षण यांचा यात समावेश नाही. येथे स्पष्टपणे न दिलेले सर्व हक्क कारागिराकडे राहतील."

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. बाकी काही मान्य झालं नाही तरी तेवढं घालून घ्या. प्रदेशाचा उल्लेख मी मुद्दाम केलेला नाही. संकेतस्थळ जगभर दिसतं, त्यामुळं दाखवण्यापुरतं जग द्यावंच लागतं. पण वस्तू बनवण्याचा, भाषांतराचा किंवा प्रकाशनाचा हक्क देत असाल तिथं देश आणि भाषा मोजून लिहा.

मोबदला एकरकमी असेल तर तो कशाचा, हे लिहून घ्या. 'सर्व हक्कांचा' असं नको, 'चित्रीकरणाच्या एका दिवसाचा व दोन वर्षांच्या परवान्याचा' असं हवं. पुस्तकाच्या बाबतीत ऑडिओ, ई-बुक आणि मल्टीमीडिया यांचा टक्का वेगवेगळा ठरवा आणि हिशेब वर्षातून एकदा तरी लेखी मिळेल असं घाला. वादाचं ठिकाण म्हणून मुंबई किंवा दिल्लीची न्यायालयं लिहिलेली असतात. तिथं उज्जैन, किंवा तुमचा जिल्हा, मागून बघा. नाहीच मिळालं तर निदान ते माहीत असताना सही करा. करार इंग्रजीत असेल तर तुम्हाला वाचता येणाऱ्या भाषेतली प्रत मागायला संकोच नको. आणि सही केलेली एक प्रत त्याच दिवशी आपल्याकडं ठेवा. "कुरियरनं पाठवतो" यावर राहू नका. मी पाहिलेल्या निम्म्या भांडणांत दुर्बळ बाजूकडं कराराची प्रतच नव्हती.

सही आधीच झाली असेल तर? आधी प्रत मिळवा. मग तारीख बघा आणि मुदत लिहिली आहे का ते बघा. नसेल, तर पाच वर्षं मोजा. कोणता हक्क वर्षभरात वापरला गेला नाही तो शोधा आणि त्याबद्दल लेखी पत्र पाठवा. अटी फारच जाचक असतील तर कलम 19अ खाली करार रद्द करण्याची मागणी करता येते, मात्र हस्तांतराला पाच वर्षं होईपर्यंत रद्द करण्याचा आदेश मिळत नाही. त्याआधी वाटाघाट. माझा अनुभव असा आहे की कलमाचा आकडा घालून लिहिलेल्या शांत पत्राला उत्तर येतं.

चाचांनी त्या संध्याकाळी कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्यानं पुनर्निर्मितीची आणि श्रेयनामाची अट लगेच मान्य केली, जाहिरातीबद्दल साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. मुदतीची जागा आम्ही कोरी सोडली होती. चाचांनी रंगानं निळी झालेली बोटं फडक्याला पुसली, माझं पेन घेतलं आणि त्या जागी स्वतःच्या अक्षरात 'दो साल' असं लिहिलं. मग कागद ठशांच्या फळीवर ठेवून ते मेणाच्या कढईकडं गेले. मेण गोठायला लागलं होतं.